गाठीचा जबाब

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचा निकाल छान आलाय हं," आणि दार मिटलं. तो बाहेरच राहिला. दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप होते, एक स्वतःचा, एक शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा, त्यामुळे त्याला धावत जाऊन आत शिरता आलं नव्हतं. बातमी आनंदाची होती. छान याचा अर्थ त्यांच्या मजल्यावर एकच होता: गाठ लाल औषधाला दाद देणार. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ह्यांना कसं कळलं? सासूबाईंना छातीत कॅन्सरची गाठ झालीय हे त्याने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि गाठीचे तुकडे वर प्रयोगशाळेत येतात ते नुसते आकडे चिकटवलेल्या नळ्यांमधून. कुणाची सासू, कुणाची आई, हे नळीला ठाऊक नसतं. ठाऊक असू नये म्हणून तर एवढी यातायात. चहा बोटांवर सांडला तेव्हा तो भानावर आला आणि जिन्याने वर निघाला. प्रत्येक पायरीवर त्याला वाटत होतं, की कुणीतरी आपल्या घरात शिरून, खुर्चीवर बसून, पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवून गेलंय.

तो आकड्यांचा माणूस होता. मोठ्या हॉस्पिटलाला लागून असलेल्या संशोधन केंद्रात गेली काही वर्षं तो एकच काम करत होता. शरीराच्या प्रत्येक पेशीत तीच ती हजारो जनुकं असतात. पण कुठे काही बडबडी असतात, काही मुकी. गाठीचा दोऱ्याएवढा तुकडा सुईने काढायचा, त्यातली कोणती जनुकं किती बडबडतायत ते यंत्राने मोजायचं आणि त्या गोंगाटावरून ही गाठ कुठल्या औषधाने विरघळेल ते आधीच सांगायचं, औषधाचा पहिला थेंब शिरेत जायच्या आत. ज्यांच्यावर पूर्वी उपचार झाले होते आणि ज्यांचं पुढे काय झालं ते माहीत होतं अशा रुग्णांचे गोठवून ठेवलेले तुकडे वापरून त्याने हा हिशेब बसवला होता. मूळ कल्पना मॅडमची होती, गणित त्याचं. मजल्यावरची मंडळी त्या प्रोग्रामला ज्योतिषी म्हणायची. "ज्योतिषीबुवा काय म्हणतायत?" असं विचारायची आणि हसायची, पण ज्योतिषीबुवांचं बहुतेक वेळा खरं निघायला लागल्यावर हसणं कमी झालं. आता खालच्या मजल्यांवर खऱ्याखुऱ्या रुग्णांना त्याच्या सांगण्यावरून औषध मिळत होतं. दाद देईल म्हटलं तर लाल औषध. नाही म्हटलं तर दुसरं, बिनरंगाचं, थोडं सौम्य. लाल औषध जबर होतं. ते हृदयाला सोडत नसे. आणि सासूबाईंचं हृदय तरुणपणीच्या एका तापापासून जरा अधूच होतं.

संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरीसुद्धा समोरच्याकडे, पुढची ओळ वाचा, अशाच नजरेने बघायची. मॅडम तिला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भेटल्या होत्या, तिनेच ओळख करून दिली होती, आणि हो, तिनेच सांगितलं होतं. त्यात गुन्हा काय झाला ते तिला कळेना. आपल्या माणसाकडे कुणी जरा जास्त लक्ष दिलं तर बिघडलं कुठे? आणि दिलंच की त्यांनी. आईला तपासणीच्या खोलीबाहेर ताटकळत बसवलं नाही. तुकडा काढल्याबरोबर एक नवा डॉक्टर नळी मुठीत धरून स्वतः जिन्याने वर पळाला, लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. "इतकी चांगली माणसं आहेत तुझ्याकडे," ती म्हणाली, "आणि तू कायम असा असतोस, सगळ्यांनी तुझ्या खिशात हात घातल्यासारखा." मॅडमना कसं कळलं हे तर कळलं. संशयाचं कारण संपलं. तरी संशय संपला नाही. तो नुसता एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला.

चांगल्या बातमीचा त्याला लहानपणापासून धसका होता. त्याचे वडील विक्रीच्या कामासाठी फिरतीवर जायचे आणि येताना काहीतरी आणायचे: किल्लीचं बदक, रंगीत खडूंची पेटी, एकदा डोळे मिटणारी टिनची मगर. "फिरती मस्त झाली," ते दारातूनच सांगायचे, आणि घरात खूप हसणं व्हायचं, आई जरा जास्तच हसायची. पुढे एकदा मामाबरोबर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला असताना त्याला एका कॅन्सर हॉस्पिटलच्या फाटकासमोर खेळण्यांची टपरी दिसली आणि टपरीत दोरीला लटकलेली टिनची मगर. तिच्याकडे बघत तो उभा राहिला, मामाने हात ओढला तरी हलला नाही. वडील फिरतीवर जातच नव्हते. ते त्या फाटकातून आत जायचे, किरणांखाली झोपायचे आणि बाहेर पडताना त्याच्यासाठी काहीतरी घ्यायचे. घरी गेल्यावर त्याने कुणाला काही विचारलं नाही. पण त्यानंतर वडिलांच्या प्रत्येक हसण्याचा त्याने मनातल्या मनात वास घेतला, आणि ते गेले त्या दिवशी सगळे रडत असताना त्याला, सांगायची लाज वाटावी असं, थोडं हलकं वाटलं होतं. आता तरी कुणी त्याला बरं चाललंय म्हणून सांगणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं, की एरवी तुमचं हृदय बघता मी लाल औषधाचं नाव काढलं नसतं. पण निकाल एवढा स्वच्छ आहे की धोका पत्करण्यात अर्थ आहे. बायकोने हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. त्याने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ज्योतिष्याला उघडून बसला. सासूबाईंचा आकडा त्याने पाहिला. तो फार वर होता. त्यांच्या वयाच्या बायकांच्या, तशाच प्रकारच्या गाठींमध्ये एवढा वर त्याने क्वचित पाहिला होता. त्याच्यावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला. बाहेर कुणीतरी कागद छापत होतं, यंत्राचा खरर खरर आवाज येत होता. मग त्याने जे बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं ते केलं: ज्योतिषी नेमकं कुणाच्या बोलण्यावर भिस्त ठेवतोय ते काढलं. हजारो जनुकं होती, पण खरं वजन मूठभरांचंच. ती त्याला गल्लीतल्या माणसांसारखी ओळखीची होती. रक्त तुटलं, हवा लागली, उपासमार झाली की ओरडायला लागणारी ती जनुकं. ती जितकी ओरडतात तितकी गाठ लाल औषधाला दाद देत नाही, असा ज्योतिष्याचा हिशेब होता. सुरुवातीलाच यावर चर्चा झाली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, की माजलेल्या गाठीला आतून रक्त पुरत नाही, ती उपाशी असते, उपाशी गाठ चिवट होते, सरळ आहे. सरळच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, त्यानेही.

पण उपासमार गाठीची शरीराच्या आत होते तशी बाहेरही होते. तुकडा सुईतून बाहेर आला की त्याचं रक्त तुटलंच. तो गोठेपर्यंत जिवंत असतो आणि तोवर ओरडत राहतो. जितका जास्त वेळ पडून राहील तितकं जास्त ओरडेल. जुने तुकडे दोन ठिकाणांहून आले होते. काही ह्याच हॉस्पिटलातले, खालच्या मजल्यावर काढले की थोड्या वेळात वर येऊन गोठवणाऱ्या द्रव नायट्रोजनमध्ये. बाकीचे नदीपलीकडच्या हॉस्पिटलातले; तिथे दिवसभराचं काम संपल्यावर गाडी निघायची, पूल ओलांडायची, वाहतुकीत अडकायची. आणि नदीपलीकडे येणारे रुग्णही उशिराच यायचे, दुखणं अंगावर काढून, गाठ वाढल्यावर. त्यांना औषध कमीच लागू पडायचं. म्हणजे ज्योतिष्याने गाठीचं भविष्य ओळखलंच नसेल तर? त्याने फक्त एवढंच ओळखलं असेल, की हा तुकडा ताजा आहे आणि हा वाट बघून थकलेला? सासूबाईंचा तुकडा तर नव्या डॉक्टरने पळत वर आणला होता, मॅडमच्या ओळखीचा म्हणून. त्याच्याइतका ताजा तुकडा प्रयोगशाळेत कधी आलाच नसेल. त्याने नदीपलीकडचे सगळे तुकडे बाजूला काढले आणि ज्योतिष्याला फक्त इथल्यांबद्दल विचारलं. ज्योतिषी गडबडला. नाणं उडवून जेवढं खरं निघेल तेवढंच त्याचं खरं निघत होतं.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. उरलेले तुकडे थोडे होते, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं कुणीही म्हटलं असतं आणि ते बरोबरच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. मॅडमना हे ठाऊक आहे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला होता. त्या हुशार होत्या, त्याच्यापेक्षा जास्त. त्याला जे एका दुपारी दिसलं ते त्यांना इतक्या वर्षांत दिसलं नसेल? मग त्यांचं प्रत्येक वागणं त्याला उलटं करून बघावंसं वाटायला लागलं. त्या व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत होत्या आणि तो येताना गप्प झाल्या. मागच्या महिन्यात त्यांनी नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नायट्रोजनची टाकी बसवायची आहे असं म्हटलं होतं; का बरं? त्या हसायच्या तेव्हा त्याला त्यांच्या दातांच्या मागे काहीतरी दिसेल असं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्यासमोर बसेनासा झाला. आणि बसमधून घरी जाताना, खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला की संशय फिरून त्याच्याकडेच यायचा. हा तुकडा दुसऱ्या कुणाचा असता तर तू एवढं खणलं असतंस? बातमी वाईट असती तर? का, त्या बाई बऱ्या व्हायला तुला नकोयत? सासूबाईंनी त्याला कधी जवळ केलं नव्हतं. त्या पूर्वी नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत फोटोंवर हात फिरवायचं काम करायच्या. बारीक ब्रशने लोकांच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून द्यायच्या. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, की ह्यांच्या डाव्या भुवईखाली बरंच काम करावं लागेल. काय करता असं विचारल्यावर तो म्हणाला होता, अंदाज बांधतो. "म्हणजे नक्की असं काही नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि चहा ओतला होता.

लाल औषधाची तारीख जवळ आली होती. त्याआधी सासूबाईंच्या गाठीत एक छोटी धातूची खूण बसवायची होती, पुढे गाठ विरघळली तर ती कुठे होती ते कळावं म्हणून. ते काम ज्याच्याकडे होतं त्या डॉक्टरला सगळे सुईवाला म्हणायचे. हात हलका, तोंड फटकळ. त्याने सुईवाल्याला कँटीनमध्ये गाठून विचारलं, खूण बसवताना गाठीचे आणखी दोन दोरे काढता येतील का. सुईवाल्याने सगळं ऐकलं, चमचा कपात फिरवत राहिला आणि म्हणाला, बाई हो म्हणाल्या तर काढतो. माझी सुई तशीही आत जाणारच आहे. पण विचारायचं तू. तुझी सासू आहे, माझी नाही.

तो दुपारी गेला. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर उशी, उशीवर हात. घर नेहमीसारखं नीटनेटकं, फक्त औषधांच्या गोळ्यांचा एक डबा टेबलावर नवा आला होता. तो म्हणाला, आई, एक विचारायचं होतं. तुम्ही विचारायला येता तेव्हा सांगायचंच काहीतरी असतं, असं म्हणून त्यांनी खुर्ची दाखवली. त्याने सांगितलं. आधी चाचरत, मग भराभर. तुकडा, वेळ, नदी, पूल, पळत आलेला नवा डॉक्टर. त्यांचे डोळे त्याच्या भुवईवर होते असं त्याला वाटत राहिलं.

"म्हणजे निकाल चांगला आला म्हणून तुम्हाला संशय आला," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"वाईट आला असता तर?"

"बहुतेक नसता आला."

"हं." त्यांनी उशी बाजूला ठेवली. "मी बायकांचे फोटो करायचे. जिचा चेहरा आधीच छान असायचा तिचाच फोटो मी दिव्याखाली धरून पुन्हा बघायचे, की आधी कुणी हात फिरवलाय का. नवरा म्हणायचा, तुला सुख म्हणून नाही." त्या हसल्या, त्यांना हसताना त्याने फारसं पाहिलं नव्हतं. "दोरे काढू द्या त्याला. माझं काही जात नाही. पण माझ्या लेकीला आजच सांगा. माझ्या पाठीमागे माझ्यावर उपकार करू नका."

त्याने बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ऐकून घेतलं, भांडी पुसायचं फडकं वाळत घातलं, त्याचे कोपरे जुळवले आणि म्हणाली, "तुला चांगलं काही झालेलं सोसतच नाही. आईला बरं वाटेल असं एक माणूस म्हणालं, एक, आणि तू हात धुऊन त्याच्या मागे लागलास." मग ती आतल्या खोलीत गेली. पुढचे काही दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं: दूध, किल्ली, पंखा बंद कर. तिच्या बोलण्यातलं निम्मं खरं आहे हे त्याला ठाऊक होतं आणि उरलेलं निम्मं खरं आहे की नाही हे तपासायला त्याच्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं.

सुईवाल्याने दोन दोरे काढले, एकाच भोकातून, एकापाठोपाठ एक. एक तिथल्या तिथे नायट्रोजनमध्ये गेला, फस्सकन वाफ आली. दुसरा नळीत घालून त्याच्या हातात दिला. तो नळी घेऊन वर आला, तिच्यावर आकडा चिकटवला आणि खिडकीशेजारच्या मोकळ्या टेबलावर उभी केली. नदीपलीकडून येणाऱ्या तुकड्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तिने तिथे राहायचं होतं. निघून जाऊन दुसरं काम करता आलं असतं. तो बसून राहिला. नळीच्या तळाशी तो दोरा, फिकट, किंचित गुलाबी, उकडलेल्या बटाट्याच्या सालीला असतो तशा रंगाचा. तो हलत नव्हता. आणि आत, त्याला ठाऊक होतं, जनुकं एकेक करून ओरडायला लागली होती. रक्त कुठाय, हवा कुठाय. ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. कुणीतरी येऊन विचारलं काय करतोयस, तो म्हणाला काही नाही. वडील किरणांखाली झोपायचे ती खोली त्याने कधी पाहिली नव्हती. पण ती अशीच गप्प असणार, आणि आत एक माणूस असाच न हलता, आतल्या आत. आपण हे सिद्ध व्हावं म्हणून बसलोय की होऊ नये म्हणून, हे त्याला कळेना. सिद्ध झालं तर सासूबाईंची चांगली बातमी जाईल आणि आपली कित्येक वर्षं जातील. नाही झालं तर आपण एका आजारी बाईला उगाच दोनदा टोचायला लावलेलं असेल. वेळ भरल्यावर त्याने नळी उचलली तेव्हा त्याच्या बोटांना घाम होता आणि नळीवर ठसे उमटले.

निकाल आले. पहिला दोरा: दाद देईल. दुसरा दोरा: देणार नाही. एकाच बाईचे, एकाच गाठीचे, एकाच भोकातून निघालेले. तो पडद्यासमोर बसला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं ते समाधान, संशय खरा ठरल्याचं, जिभेवर धातू ठेवल्यासारखं गार समाधान. ते थोडाच वेळ टिकलं. मग खालच्या मजल्यांवरची माणसं आठवली.

मॅडमच्या खोलीत जाताना त्याने दोन्ही निकाल स्वतःच्या घरच्या पत्त्यावरही पाठवून ठेवले होते. त्या नाही म्हणतील, थांबू म्हणतील, तुमची सासू आहे म्हणून तुमचा तोल गेलाय म्हणतील. प्रत्येकाचं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, निकाल पाहिले, पुन्हा चष्मा लावून पाहिले. मग विचारलं, की हे तुम्हाला कधीपासून वाटत होतं. त्याने सांगितलं.

"मग मला का नाही आलात सांगायला?"

याचं उत्तर त्याने तयार ठेवलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना ते कळलं. ते त्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं असं वाटलं तुम्हाला." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी सांगितलं, की नदीपलीकडे टाकी त्यांना हवी होती ती गाडी उशिरा येते म्हणूनच. पण त्याने एवढं बिघडलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना थोडा वेळ हवा होता, त्यांनी त्याला जायला सांगितलं. तो बाहेर पडला तो याच खात्रीने, की आता हे प्रकरण दाबलं जाणार. बसमध्ये बसून त्याने कुणाकडे जायचं, काय लिहायचं, ते मनात जुळवलं. घरी पोचला तर फोन वाजत होता. सुईवाला होता. मॅडमनी खाली येऊन ज्योतिषी बंद करायला सांगितलं होतं, आजपासून. मोठ्या डॉक्टरांशी त्यांची चांगलीच जुंपली होती आणि तरीही बंद झालं होतं. तो फोन धरून उभा राहिला. त्यांच्यावर ठेवलेला सगळा संशय त्याच्याकडेच उरला होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्याला समजत नव्हतं.

ज्यांना ज्योतिष्याच्या सांगण्यावरून औषध मिळालं होतं त्या प्रत्येकाला मॅडमनी स्वतः बोलावून सांगितलं. त्याला त्यांनी शेजारी बसायला लावलं. गणित तुमचं होतं, म्हणाल्या. त्यात नदीपलीकडची एक पोहायला शिकवणारी बाई होती. रुंद खांदे, केस गेलेले, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिचा तुकडा उशिरा पोचला होता. तिला दुसरं औषध दिलं होतं आणि तिची गाठ वाढली होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग लाल औषध दिलं असतं तर माझी गाठ कमी झाली असती?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

बाईने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला?"

आयुष्यभर तो ह्या दोन शब्दांपासून पळत आला होता, आकडे काढत, आकड्यांमागचे आकडे काढत. "मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "पण आता तुमच्या डॉक्टरांना ते औषध द्यायला कुणाची आडकाठी नाही." बाई उठली. दारापाशी थांबून म्हणाली, की तिच्याकडे येणारी मुलं पहिल्या दिवशी विचारतात, मी बुडणार नाही ना, आणि ती त्यांना, नाही बुडणार, असं कधीच सांगत नाही. फक्त पाण्यात उतरते. मग ती गेली. मॅडम बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या आणि तो त्यांच्या शेजारी बसून राहिला. त्याने त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं नाही. एवढंच त्याला त्या दिवशी जमलं.

सासूबाईंना आता कुठलंच भविष्य नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने विचार केला, हृदयाची तपासणी पुन्हा केली, आणि दुसरं औषध देऊ म्हणाले. लागू पडेल की नाही ते दिल्यावरच कळेल. बायकोने त्याच्याकडे बघितलं. सासूबाईंनीही. तुम्ही काय म्हणता, असं त्यांनी विचारलं, आणि त्याने सांगितलं, की लाल औषधाने हृदयाला धोका आहे एवढं नक्की. बाकी कशाचीच खात्री नाही. ठीक आहे, म्हणाल्या, मग जे नक्की आहे तेवढं टाळू. घरी जाताना बायकोने बसमध्ये त्याच्या खांद्याला खांदा टेकवला. रागावलीच होती अजून, ते त्याला कळत होतं. पण खांदा तिथेच होता.

औषध सुरू झालं. केस गेले, भूक गेली, सासूबाईंनी आरशावर टॉवेल टाकून ठेवला आणि वरून सांगितलं, हा चेहरा माझ्याच्यानेसुद्धा सुधारायचा नाही. काही फेऱ्यांनंतर सुईवाल्याने सोनोग्राफीच्या यंत्राच्या मुठीवर गार जेल लावून गाठ बघितली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर करडं, दाणेदार काहीतरी हलत होतं. सुईवाल्याने दोन ठिकाणी खुणा केल्या, त्यांच्यामध्ये रेघ ओढली. "लहान झालीय," तो म्हणाला. "बरीच." बायकोने तोंडावर हात धरला.

तो पडद्याच्या जवळ सरकला. चांगली बातमी. टपरी, दोरी, टिनची मगर. मागच्या वेळी मूठ वेगळ्या कोनात धरली असेल. आज जास्त दाबली असेल. हात तोच, डोळे तेच, आणि सुईवाल्यालाही बरं व्हावंसं वाटत असणार. आपण काही बोलणार नाही असं त्याने ठरवलं, बायकोचा चेहरा बघितला आणि तरीही तोंडातून निघालंच. परत मोजता येईल का, म्हणाला, शक्य तर दुसऱ्या कुणाकडून, मागची रेघ न बघता.

सुईवाल्याने उसासा टाकला. बायकोने डोळे मिटले. सासूबाई टेबलावर पडल्या होत्या, अंगावर चादर, छातीवर ते गार जेल.

"मोजू द्या त्यांना," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "त्यांना हवं तितक्या वेळा. मी काही कुठे जात नाही."

सुईवाला दुसऱ्या डॉक्टरला बोलवायला बाहेर गेला. दार उघडं राहिलं, व्हरांड्यातला उजेड खोलीत आला. बायकोने टॉवेल उचलून आईच्या खांद्यावर टाकला, आणि तिघंही वाट बघत राहिली.